संक्रांत ते होळी : बालवाडीतील हस्तकाम आणि आपले शिवार



ऊस विकास खात्याने बेणे, खते आणि खोडव्याबद्दल लिहावे, बालवाडीची उठाठेव कशाला, असे कुणाच्याही मनात येईल. त्याचे कारण साधे आहे. संक्रांतीपासून होळीपर्यंतचे दोन-सव्वादोन महिने म्हणजे ऐन गळिताचे दिवस. घरची मोठी माणसे तोडणी, भरणी आणि सुरू लागणीच्या धांदलीत असतात. तीन ते सहा वर्षांची पोरं मग बांधावर, रस्त्याकडेला, ट्रॉलीच्या आसपास खेळत बसतात. टोळीवाल्यांची पोरं तर पहाटेपासून फडातच असतात. मागे येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला पाचटावर झोपलेले मूल दिसत नाही. म्हणून या दिवसांत मूल बालवाडीत रमले पाहिजे, आणि ते रमायचे तर तिथे त्याच्या हाताला काम पाहिजे.

हे काम विकत आणावे लागत नाही. आपले भोगी, संक्रांत, रथसप्तमी, महाशिवरात्र आणि होळी हे सण याच काळात येतात, आणि त्यांना लागणारे बहुतेक सामान आपल्या शिवारातच असते.

शाळा मुलाकडे गेली

ही कल्पना काही आमची नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडी साधने त्यांनी बाजूला ठेवली. बिया, खडे, पाने, शिंपले, माती हीच त्यांची साधने. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात भरवली, तिचे नाव कुरणशाळा. ज्यांची मुले फडात असतात, अशा आपल्या भागाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

भोगी व संक्रांत : सुगड आणि बोरन्हाण

सुगडात आपण ऊस, बोरे, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या घालतो. बाईंनी हेच जिन्नस सुपात एकत्र करून मुलांपुढे ठेवावेत आणि वेगवेगळे करायला सांगावेत. रंग, आकार, मऊ-कठीण यांची ओळख त्यातून होते. नंतर डोळे झाकून नुसत्या वासावरून आणि स्पर्शावरून जिन्नस ओळखायचा. या खेळात अबोल मूलही बोलू लागते.

सण झाला की रिकामी सुगडे घरोघर पडून असतात. ती बालवाडीत पाठवावीत. गेरू आणि चुन्याऐवजी खडूची भुकटी कालवून मुले त्यांवर बोटांनी ठिपके आणि रेघा काढतील. पेन्सिल धरण्याआधी बोटांत जी ताकद यावी लागते ती अशाच कामातून येते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही बोरन्हाण करता येते. घरोघर वेगळे करण्यापेक्षा एके दिवशी बालवाडीत सगळ्या मुलांचे मिळून करावे. हलव्याच्या दागिन्यांऐवजी चुरमुऱ्याच्या माळा आणि रंगीत कागदाचे मुकुट मुलांनीच बनवावेत. त्या दिवशी टोळीतली पोरंही बोलवावीत. चुरमुरे वेचताना सगळी पोरं सारखीच दिसतात.

एक डोळा आणि एक सुगड

हा प्रयोग आमच्या खात्याचा, म्हणून जरा तपशीलाने सांगतो. याच दिवसांत आपली सुरू लागण चालू असते. घरी लागण, तर बालवाडीतही लागण! सुगडाच्या बुडाला भोक पाडून त्यात निम्मी माती व निम्मे कुजलेले शेणखत भरावे. एक डोळ्याची कांडी, डोळा वर किंवा बाजूला ठेवून, बोटाच्या दोन पेरांइतकी खोल लावावी. बेणे मात्र औषधात न बुडवलेलेच घ्यावे, ही पहिली अट. सुगड उन्हात ठेवून रोज एक वाटी पाणी घालावे.

थंडीत उसाची उगवण सावकाश होते, तीन-चार आठवडेही लागतात. लहान मुलांचा धीर एवढा टिकत नाही, म्हणून शेजारी दुसऱ्या सुगडात मेथी किंवा गहू पेरावा. तो चार-सहा दिवसांत वर येतो. दर सोमवारी कोंबाशेजारी सुतळी धरून तेवढा तुकडा कापावा आणि भिंतीवर ओळीने चिकटवावा. वाढ म्हणजे काय ते मुलाला आकड्यांशिवाय डोळ्यांनी दिसते. होळीला रोप बऱ्यापैकी झालेले असते. ते घरच्या बांधावर लावावे.

रथसप्तमी : सावलीची मोजणी

सूर्याच्या रथाला सात घोडे. अंगणात रांगोळीने रथ काढून मुलांनी सात खडे, सात पाने, सात बिया मांडाव्यात. सातापर्यंतची मोजणी हसत-खेळत होते.

याच्याच जोडीला एक हातभर काठी उघड्या जागी सरळ रोवावी आणि दर सोमवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास सावलीच्या टोकाला खडा ठेवावा. आपल्या भागात संक्रांतीच्या सुमारास ही सावली पाऊण हाताहून थोडी जास्त असते. होळीपर्यंत ती अर्ध्या हाताच्या आत येते. सूर्य वर चढतो आणि थंडी सरते, हे चार वर्षांच्या मुलालाही खड्यांच्या रांगेवरून कळते.

महाशिवरात्र : बेल आणि चिकणमाती

बेलाचे पान तीन दळांचे. एका पानाची तीन दळे, दोन पानांची सहा, असे मांडत गेले की तिनाच्या पाढ्याची ओळख पाढा म्हणण्याआधीच होते. चिकणमाती चाळून, भिजवून, मळून द्यावी आणि तिचा नंदी करायला सांगावे. नंदीला पाच पाय झाले तरी बाईंनी तो सुधारू नये. मुलाला कुठे काय वाटले ते विचारावे.

ज्वारीची ताटे मिळाली तर भेंडाची बैलगाडी करावी. ताटाची साल मोठ्यांनी सोलून द्यावी, कारण ती धारदार असते. मऊ भेंडाचे तुकडे जोडायचे काम पोरांचे. टोळीतल्या एखाद्या आजोबांना हे काम उत्तम येत असेल. त्यांना तासभर बालवाडीत बोलवावे. आपला बाबा, आपला आजा शाळेत शिकवतो आहे, हे पाहून बुजरे पोर पुढे सरकते.

होळी : पळसाचा रंग, उसाचा ठसा

फाल्गुनाच्या तोंडाशी पळस फुलतो. खाली पडलेली फुले वेचून रात्रभर पाण्यात भिजवली की केशरी-पिवळा रंग मिळतो. बिटाचा गुलाबी, पालकाचा हिरवा. या रंगांनी जुन्या वर्तमानपत्रावर हाताचे ठसे काढावेत. भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा उमटतो आणि उसाची चकती बुडवून दाबली की ठिपक्यांचा गोल. ते ठिपके म्हणजे उसातल्या रसवाहिन्यांचे धागे, हेही जाता जाता सांगावे.

काही भागांत होळीला मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी घालतात. बालवाडीत त्या कागदाच्या चकत्या ओवून कराव्यात.

काळजी काय घ्यावी

१. शेंगदाणे, हरभरे, बोराच्या बिया, उसाचा चोथा लहान मुलांच्या घशात अडकतो. तीन-चार वर्षांच्या मुलांना हे खायला देऊ नये, हाताळताना बाई समोर हव्यात.

२. औषधांच्या रिकाम्या बाटल्या, डबे, पिशव्या कितीही धुतल्या तरी हस्तकामाला वापरू नयेत.

३. उसाच्या पानाची कड कापते आणि कूस टोचते. मुलांच्या हाती वाढे देऊ नयेत.

४. पतंग वर्तमानपत्राचा आणि दोरा साधा सुती असावा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. विजेच्या तारांखाली पतंग नको.

५. होळी पाचटाच्या ढिगापासून आणि उभ्या उसापासून लांब पेटवावी. हळदीत चुना घालून केलेला लाल रंग मुलांना देऊ नये, चुन्याने डोळा भाजतो.

आपण काय करावे

प्रत्येक सभासदाने इतके तरी करावे. एक पाटी शेणखत, दहा टिपरी बेणे आणि घरची रिकामी सुगडे आपल्या बालवाडीत किंवा अंगणवाडीत पोचवावीत. आपल्या उसात टोळी आली की पहिल्याच दिवशी मुकादमाला विचारावे, सहा वर्षांच्या आतली पोरं किती? ती अंगणवाडीत पोचतील असे पाहावे. अंगणवाडी लांब असेल तर गावातली एखादी शिकलेली मुलगी किंवा सून रोज दोन तास तळावर, कोप्यांजवळच्या झाडाखाली, पोरांना घेऊन बसेल अशी व्यवस्था गावाने करावी. कोसबाडला कुरणात शाळा भरली, तर आपल्या तळावर ती भरायला काय हरकत आहे?

टोळीतले पोर चार महिन्यांनी बीड-जालन्याकडे परत जाणार, त्याच्यासाठी एवढे कशाला, असे काही जण म्हणतात. त्याच्या आईबापांच्या कोयत्यावर आपला ऊस कारखान्यात पोचतो, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. खोडव्याचा फुटवा जसा आपण जपतो, तसे हे पोरही जपले पाहिजे. ते आपल्या शिवारात आहे तोवर त्याची जबाबदारी आपली आहे.