दान: उपकार कीं कर्तव्य?

इटालींतील दोमिनिकन मठवासी थॉमस अक्वायनस (मृत्यु १२७४) ह्यानें 'सुम्मा थिओलॉजिका' ह्या ग्रंथांत सद्गुणांचें सविस्तर विवेचन केलें आहे. विवेक, न्याय, धैर्य व संयम हे चार मुख्य नैतिक सद्गुण; विश्वास, आशा व प्रीति हीं तीन देवाचीं दानें. गरिबांस देणें हें तो प्रीतीचें कार्य म्हणतो. तथापि तें कर्तव्यही आहे, असें दाखवितो.

त्याची शिकवण अशी: मालमत्ता बाळगणें योग्य आहे, मात्र गरजवंतास तिच्यांत वांटा देण्यास धन्यानें तयार असावें. स्वतःचा व घरच्यांचा निर्वाह होऊन जें उरेल, त्यांतून निराधार व अत्यंत गरजवंतास देणें ही आज्ञा आहे. इतर दान उत्तम, पण ऐच्छिक. जीवावर बेतलें व दुसरा उपायच नसला, तर भुकेल्यानें दुसऱ्याचें अन्न घेतलें तरी ती चोरी नव्हे, असेंही तो म्हणतो.

प्रिय वाचकहो, ही चोरीस मोकळीक नव्हे. हा बोल भुकेल्यापेक्षां कणगीच्या धन्यासच अधिक लागतो. शेजारीं लेंकरें उपाशी निजत असतां आपल्या कणगींतील उरलेलें धान्य सर्वस्वी आपलेंच, असें आपणांस म्हणतां येईल काय? तें देतांना आपण उपकार करीत नाहीं; ज्याचें त्यास पोंचवितों.