गळाची पहिली इयत्ता

आपल्या भाषेने गळाला फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. कोणी फसला की तो ‘गळाला लागला’, कोणी मोहात पडला की त्याला ‘आमिष दाखविले’. आणि पाण्याकाठी स्वस्थ उभ्या असलेल्या बगळ्याचे नाते तर आपण ढोंगी साधूशी कायमचे जोडून ठेवले आहे. त्यामुळे एखादा विद्यार्थी रविवारी काठी खांद्यावर टाकून तळ्याकडे निघाला, की ‘याला दुसरा उद्योग दिसत नाही’ अशा नजरेने लोक त्याच्याकडे पाहतात.

या नजरेला उत्तर म्हणून एक जुना दाखला देतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथाचे नाव मराठीच्या वर्गात निघतेच. कांडताना महाराष्ट्रातील स्त्रिया ओव्या गातात, हा उल्लेख त्यातलाच. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणाला कोणते खाद्य द्यावे, गळाने त्यांना कसे धरावे, हे सारे राजाने त्यात गंभीरपणे सांगितले आहे. इंग्रजीचे प्राध्यापक ज्या इझाक वॉल्टनचे या विषयावरील पुस्तक आदराने सांगतात, ते १६५३ सालचे. म्हणजे आपल्या राजानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी आलेले. तेव्हा हा उद्योग रिकामटेकड्यांचाच आहे, असे समजण्याचे कारण नाही.

पण राजाजवळ सेवक होते. आपल्याजवळ एक काठी आणि एक रविवार. नवशिक्याने सुरुवात कोठे करावी? माझे मत असे, की ती साठलेल्या पाण्यावर करावी आणि चिलापीपासून करावी. अमेरिकेत मुलांना पहिला धडा बहुधा सनफिश, क्रॅपी अशा लहान, थव्याने राहणाऱ्या माशांवर मिळतो; आपल्याकडे ती जागा चिलापीची आहे. १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतर खोदलेल्या कितीतरी पाझर तलावांत ती आता घरच्यासारखी नांदते आहे.

‘घरच्यासारखी’ म्हटले खरे, पण ती इथली नव्हे. तिचे पुस्तकी नाव तिलापिया, मूळ गाव आफ्रिकेचा आग्नेय भाग. १९५२ साली स्वस्त अन्न म्हणून तिला भारतात आणले आणि पुढे ती आवरेनाशी झाली. याचे कारण तिच्या संसारात आहे. नर उथळ पाण्यात, तळाच्या मातीत बशीसारखा खळगा करतो. मादी अंडी घालते आणि लगेच ती आपल्या तोंडात घेते. पिले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत ती त्यांना तोंडातच सांभाळते. पुढेही काही दिवस धोका दिसला की पिले पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. आपल्या रोहू-मृगळाची अंडी पुराच्या पाण्यात उघड्यावर पडतात आणि त्यांतली बहुतेक वाया जातात. हिची अशी जपली जातात, शिवाय वर्षातून अनेकदा. परिणाम असा, की लहान तळ्यात गर्दी होते, खाद्य पुरत नाही आणि तळहाताएवढे खुरटे मासेच सगळीकडे दिसतात. अशा पाण्यातून नवशिक्याने पाचपन्नास काढले तर तळ्याचे काही बिघडत नाही. झाला तर इतर माशांना थोडा श्वासच मिळतो. महसीर किंवा मरळ यांच्याबद्दल हे म्हणता येणार नाही. म्हणून चिलापी.

आता साहित्य. दहा-बारा फुटांचा, सरळ, वाळलेला वेळू घ्यावा. शेंड्याकडे तो करंगळीहून बारीक असावा. चक्र लावलेली महागडी काठी पहिल्या वर्षी नकोच, तिने लक्ष माशावरून उडून यंत्रावर जाते. शेंड्याला काठीइतक्याच लांबीचा बारीक तंगूस बांधावा. जाड तंगूस तुटत नाही हे खरे, पण साठलेल्या स्वच्छ पाण्यात मासा त्याला बुजतो. गळाच्या आकड्यांची रीत उलटी आहे: आकडा जितका मोठा, गळ तितका लहान. चिलापीचे तोंड लहान, म्हणून दहा किंवा बारा नंबरचा गळ मागावा. दुकानदार ‘मोठा घ्या, मोठा मासा लागेल’ म्हणतो; त्याचे ऐकू नये.

तंगुसाला साधी गाठ मारली तर ती ओली झाल्यावर सुटते. टोक गळाच्या डोळ्यातून घालून मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, मग तेच टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून काढून, गाठ थुंकीने ओली करून हळूहळू आवळावी. कोरडी आवळली तर तंगूस घासून कमजोर होतो. गळाच्या वर एक वीत अंतरावर शिशाचा लहान मणी दाबून बसवावा. तो दातांनी मात्र दाबू नये, शिसे विषारी असते. वर तरंगण्यासाठी मोराच्या गळून पडलेल्या पिसाची काडी किंवा ज्वारीच्या धाटाचा भेंड. भेंड तासाभरात पाणी पितो. दोन-तीन जवळ असावेत.

एवढे सारे जमवूनही पहिले तीन रविवार मी रिकाम्या हाताने परतलो. दोष आमिषाचा समजून मी गांडूळ लावले, कणीक लावली, शिळा भात लावला. चौथ्या खेपेला काठावर जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने बराच वेळ पाहून विचारले, “पोरा, मासा किती पाण्यात आहे?” मला सांगता येईना. “मग तुझा गळ तरी किती पाण्यात आहे?” तेही सांगता येईना. “तो खाली, तू वर. भेट व्हायची कशी?” एवढे बोलून तो पुन्हा विणू लागला.

गळाची सगळी पहिली इयत्ता या दोन प्रश्नांत आहे. खोली मोजण्याची युक्ती सोपी: गळाला जड शिसे किंवा लहानसा खडा तात्पुरता बांधून पाण्यात सोडावा. भेंड बुडून दिसेनासा झाला तर तो वर सरकवावा, आडवा लोळत राहिला तर खाली. भेंडाचे टोक पाण्याबरोबर दिसले की तळाचे माप मिळाले. मग खडा काढून भेंड चार बोटे खाली घ्यावा, म्हणजे आमिष तळापासून चार बोटे वर लोंबते. तिथे अर्ध्या घटकेत चाहूल लागली नाही तर आणखी वीतभर वर आणावे. आमिष बदलण्यापूर्वी खोली बदलावी, आणि खोली बदलून भागले नाही तर जागा. नवशिका नेमके उलटे करतो.

जागा निवडताना ऋतू पाहावा. चिलापी उष्ण देशची. गारठा तिला मानवत नाही. पौष-माघात पहाटे जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही. तेव्हा ती खोल पाण्यात सुस्त असते. उन्हे चांगली वर आल्यावर, दहाच्या सुमारास जावे. फाल्गुनानंतर ती उथळात येते आणि काठाजवळ ते बशीसारखे खळगे दिसू लागतात. वैशाखात मात्र भर दुपार सोडून सकाळ-संध्याकाळ साधावी. बुडालेली बाभूळ, पाण्यात गेलेला जुना बांध, लव्हाळ्याची कड, अशा आडोशाला मासा असतो. मोकळ्या मध्यभागी दूर गळ फेकणे पाहायला छान वाटते, इतकेच.

आमिषाला गांडुळाचा अर्धा बोटभर तुकडा किंवा वाटाण्याएवढी घट्ट कणकेची गोळी पुरे. आधी शेंगदाण्याच्या पेंडीची मूठभर भुकटी ओल्या मातीत कालवून त्याच जागी टाकावी. पोते रिते करू नये. पोट भरलेला मासा गळाकडे बघतही नाही.

मग भेंडावर नजर. चिलापी एकदम ओढत नाही, ठोकरून पाहते, भेंड थरथरतो. या थरथरीला काठी उचलायची नाही. भेंड तिरका सरकू लागला किंवा सावकाश बुडाला, तर मनगटाने हलका झटका. कधी भेंड बुडण्याऐवजी उठून आडवा पडतो. माशाने आमिष उचलून शिशाचा भार वर घेतला, याची ती खूण; तेव्हाही झटका द्यावा. मी पहिला मासा खांद्यापासून जोर लावून असा काही उपटला, की तो माझ्या डोक्यावरून मागच्या बाभळीत जाऊन अडकला आणि तंगूस सोडविण्यात ती सबंध दुपार गेली.

मासा हाती आला की घाई नको. पाठीवरच्या परात तीक्ष्ण काटे असतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवीत ते मिटवून मगच मूठ आवळावी. मिशांचा शिंगटा लागला तर अधिक जपावे, त्याच्या काट्याची कळ रात्रभर पुरते. ठेवायचा मासा डोक्यावर टोला देऊन लगेच मारावा, तडफडत ठेवू नये. सोडायचा असेल त्याला ओल्या हाताने धरावे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग लागतो. चिलापी जिवंत नेऊन गावच्या विहिरीत किंवा दुसऱ्या तळ्यात सोडण्याची हौस मात्र कोणी करू नये. एवढ्या हौसेपायी ते पाणीही तिचेच होऊन बसते.

मरळीविषयी आणखी एक. पाण्यावर तांबूस पिलांचा थवा बुडबुडताना दिसला, की आईबाप खालीच राखण करीत असतात आणि गळावर चटकन धावून येतात. जाणते शिकारीसुद्धा हा डाव साधतात. पण आईबाप गेले की तो सबंध थवा इतर माशांच्या पोटात जातो. तिथून काठी उचलून पुढे जावे. तसेच मृगाचा पाऊस लागला की काठी घरात ठेवावी. चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन वर निघालेले असतात. ओढ्याच्या तोंडाशी त्यांना अडवून पाट्याच्या पाट्या भरणे ही आपल्याकडची जुनी मौज आहे, आणि दर वर्षी ओढ्यात मासे का कमी दिसतात असे तेच लोक विचारतात. सुरुंग किंवा विष घालून मासे मारणे तर १८९७च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

पुष्कळ तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांच्या माणसाला विचारून बसावे. काहींचे घर त्यावर चालते. धरणाच्या दरवाजाखाली आणि कालव्याच्या गुळगुळीत उतारावर कधीच बसू नये, पाणी सांगून येत नाही. एकट्याने जाऊ नये, आणि पोहता येत नसेल तर पाण्यात पाय घालू नये. तुटलेला तंगूस गुंडाळून खिशात टाकावा; बगळ्यांचे पाय त्यात अडकतात.

घरी नेल्यावर तक्रार येते, ‘याला चिखलाचा वास येतो.’ येतोच, शेवाळी पाण्याचा तो गुण आहे. खवले काढून, पोट साफ करून, आतले काळे पापुद्र्यासारखे अस्तर खरवडून टाकावे आणि तुकडे चिंचेच्या कोळात मीठ घालून अर्धा तास ठेवावेत. मग तेच पाणी ओतून देऊन नव्याने हळद-तिखट लावावे.