संघाचे दिवस

चैत्र महिना लागला की शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील गावोगावी यात्रांना आरंभ होतो. दिवसा पालखी निघते, तिसऱ्या प्रहरी कुस्त्यांचा आखाडा भरतो आणि रात्री दिव्यांच्या झगमगाटात कबड्डीचे सामने रंगतात. घोड नदीकाठचे शिरूर हे पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे जुने लष्करी ठाणे. भीमेच्या काठचे दौंड हे लोहमार्गाचे मोठे जंक्शन. दोन्ही तालुक्यांत ऊस पिकतो, आणि दोन्ही तालुक्यांत मांडीवर थाप मारून प्रतिपक्षाच्या अंगणात शिरणारी मुलेही पिकतात.

अशा गावच्या संघाचा संसार फार थोडक्यात असतो. घरोघर फिरून वर्गणी गोळा करावयाची. एखाद्या दुकानदाराकडून गणवेश मिळवावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात पाठीवर त्या दुकानाचे नाव मिरवावयाचे. कोणाचा तरी टेंपो मागून आणावयाचा आणि रात्री-अपरात्री परगावच्या मैदानावर जाऊन थडकावयाचे. दोन-तीन वर्षे असा संघ जोरात असतो. मग त्यातला एक पोलीस भरतीत निवडला जातो, दुसरा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीच्या कामाला लागतो, तिसऱ्यावर शेतीचा भार येतो. संघ मोडला असे कोणी जाहीर करीत नाही. पुढच्या यात्रेला त्याचे नाव पुकारले जात नाही, एवढेच. आणि पाच-सहा वर्षांनी, त्याच मैदानावर खेळत मोठी झालेली धाकटी भावंडे तेच नाव पुन्हा घेऊन उभी राहतात.

खेळाडूंना पैसे देऊन उभारलेले संघ तरी याहून स्थिर असतील, असे कोणास वाटेल. परंतु त्यांचा इतिहास पाहिला तर चढउतार तेथेही चुकलेले नाहीत.

बास्केटबॉलचेच उदाहरण घ्या. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात व्यायामशाळेच्या आत खेळता यावा म्हणून हा खेळ शोधून काढला. सज्जाच्या कठड्याला पीचफळांच्या दोन टोपल्या अडकविल्या, तेरा नियम लिहिले आणि खेळ सुरू झाला. पुढे अर्धशतकाच्या आत तेथील लहान लहान कारखानदारी गावांनी पगारी संघ उभारले. फोर्ट वेन हे त्यांपैकी एक. दौंडप्रमाणेच तेही लोहमार्गांचे केंद्र होते. तेथे फ्रेड झोलनर याचा इंजिनांचे पिस्टन तयार करण्याचा कारखाना होता; त्याने १९४१ साली आपला संघ व्यावसायिक स्पर्धेत उतरविला आणि त्याला नावही 'पिस्टन्स' असेच दिले. कारखान्यात जे घडते तेच संघाच्या छातीवर, यात नवल ते काय? आमच्याकडे खताच्या दुकानाचे नाव पाठीवर येतेच की!

१९४९ साली अमेरिकेतील दोन स्पर्धा एकत्र होऊन 'एनबीए' ही संस्था झाली. तीत पहिल्या वर्षी सतरा संघ होते. वॉटर्लू, शेबॉयगन, अँडरसन अशी लहान गावेही त्यांत होती. परंतु लहान गावातील प्रेक्षागार लहान, तिकिटांचे उत्पन्न थोडे आणि प्रवासाचा खर्च मात्र मोठ्या शहराइतकाच. एकामागून एक संघ गळाले आणि १९५५ उजाडेपर्यंत सतरांचे केवळ आठ उरले.

खेळही त्या वेळी कंटाळवाणा झाला होता. एकदा आघाडी मिळाली की चेंडू आपसांत फिरवीत बसावयाचे आणि वेळ काढावयाचा, ही युक्ती सर्वांस ठाऊक झाली होती. १९५० सालच्या नोव्हेंबरात फोर्ट वेनच्या संघाने बलाढ्य मिनिआपोलिसला अशाच रीतीने अवघ्या १९ विरुद्ध १८ गुणांनी हरविले. प्रेक्षक चिडले. यावर तोडगा काढला तो सिरॅक्यूस या दुसऱ्या एका लहान शहरातील संघाच्या मालकाने. डॅनी बियासोन हे त्याचे नाव. त्याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल असा सोपा होता. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा टोपलीकडे चेंडू टाकतात. २८८० ला १२० ने भागले की २४ येतात. म्हणून चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांच्या आत तो टोपलीकडे टाकलाच पाहिजे, असा नियम १९५४ साली झाला. खेळाला पुन्हा वेग आला. त्याच हंगामाच्या अखेरीस, १९५५ साली, सिरॅक्यूसने फोर्ट वेनला निर्णायक सामन्यात ९२ विरुद्ध ९१ असे एका गुणाने हरवून विजेतेपद मिळविले. दोन लहान गावांची ती झुंज होती.

आणि तरीही ही दोन्ही गावे आपले संघ राखू शकली नाहीत. १९५७ साली पिस्टन्स संघ डेट्रॉइट या मोठ्या शहरी गेला. १९६३ साली सिरॅक्यूसचा संघ फिलाडेल्फियाला गेला. ज्या नियमाने सर्वांना तारले त्याच्या जनकाचे गाव रिकामे राहिले! डेट्रॉइटचा संघ आजही पिस्टन्स म्हणूनच ओळखला जातो. मात्र ते पिस्टन मुळात कोणत्या गावचे, हे किती प्रेक्षकांस ठाऊक असेल?

आपल्या कबड्डीनेही घड्याळाचा असाच आधार घेतला आहे. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा असते. प्रो कबड्डी लीगमध्ये तर लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाई करणारा बाद होतो. प्रेक्षक टिकला तर संघ टिकतो, ही गोष्ट पुण्यातही तितकीच खरी आहे.

ही लीग २६ जुलै २०१४ रोजी आठ संघांनिशी सुरू झाली. त्यांत पुण्याची 'पुणेरी पलटण' होती. कबड्डीच्या मातीतला हा संघ पहिल्या वर्षी गुणतक्त्यात सर्वांच्या तळाशी राहिला. दुसऱ्या वर्षीही तळाशीच. शेजारच्या मुंबईच्या 'यू मुंबा' संघाने दुसऱ्या वर्षी विजेतेपद पटकाविले, त्यामुळे पुणेकरांचे शल्य अधिकच वाढले. २०१६ साली पलटण तिसऱ्या क्रमांकावर आली. २०२० साली महामारीमुळे लीग भरलीच नाही आणि त्यानंतरचा हंगाम बंगळुरूत प्रेक्षकांवाचून खेळावा लागला. १७ डिसेंबर २०२२ रोजी पलटण प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचली आणि जयपूरकडून ३३ विरुद्ध २९ अशी हरली.

पुढच्या हंगामासाठी संघाने लिलावात इराणच्या महंमदरेझा शादलुई याला २ कोटी ३५ लाख रुपये देऊन घेतले. अस्लम इनामदार हा तरुण कर्णधार होता आणि बी. सी. रमेश हे प्रशिक्षक. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणीने हरियाणा स्टीलर्सचा २८ विरुद्ध २५ असा पराभव केला. दहाव्या हंगामात का होईना, विजेतेपद पुण्यास आले.

परंतु लिलावाची रीत अशी की आजचा सोबती उद्या समोरच्या अंगणात उभा असतो. काही महिन्यांतच शादलुई हरियाणाकडे गेला. इनामदार दुखापतीने बाहेर बसला. विजेती पलटण त्या वर्षी पहिल्या सहांतही आली नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी अंतिम सामना झाला तो पुण्यातच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. आणि तेथे पाटण्यास ३२ विरुद्ध २३ असे हरवून चषक उंचावला तो हरियाणाने. आदल्या वर्षीचा पराभूत संघ पुणेकरांच्या अंगणात विजयी झाला.

पलटण निदान जिवंत राहिली. पुण्याच्या नावाचा आणखी एक संघ होता, त्याच्या वाट्याला तेवढेही आले नाही. २०१५ साली 'यूबीए' नावाची व्यावसायिक बास्केटबॉल लीग भारतात निघाली. तिच्या आठ संघांत 'मुंबई चॅलेंजर्स' आणि 'पुणे पेशवाज' होते. २०१७ नंतर ती लीग थांबली आणि पेशवाजांचे नाव पुण्यातही फारसे कोणास आठवेनासे झाले. २०२२ साली दुसरी एक राष्ट्रीय लीग सहा संघांनिशी आली. तीत मुंबईचा संघ होता, पुण्याचा नव्हता.

मग संघ बुडाला की खेळाडूने काय करावे? या प्रश्नाचे जुने उत्तर दौंडच्या फलाटावर उभे आहे. भारतीय रेल्वेने क्रीडेसाठी मंडळ स्थापिले ते १९२८ साली. तेव्हापासून गुणी खेळाडूंना रेल्वे नोकरी देते. पुण्याची शिरीन लिमये ही बास्केटबॉलपटू भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, ती रेल्वेच्या संघाकडून खेळणारी. पोलीस दलाचेही असेच आहे. राज्य राखीव पोलीस बलाच्या पाचव्या व सातव्या गटांची ठाणी दौंडलाच आहेत. अशा खेळाडूचा गुडघा दुखावला तरी महिनाअखेरचा पगार चुकत नाही.

नोकरी देणारे संघही अमर नसतात, हे खरे. मुंबईच्या कबड्डीत देना बँकेच्या संघाचा मोठा दबदबा होता. १ एप्रिल २०१९ रोजी ती बँक बडोदा बँकेत विलीन झाली आणि तिच्या नावाचा गणवेश मैदानावरून गेला. मात्र तिच्या सेवेत असलेल्यांची नोकरी नव्या बँकेत चालू राहिली. लिलावातल्या खेळाडूचा करार एक-दोन हंगामांचा असतो. तो संपला की नव्या बोलीची वाट पाहावी लागते, आणि बोली लागेलच असे नाही. कोटींचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. ज्यांच्यासाठी कोणीच हात वर केला नाही, त्यांची नावे मात्र छापली जात नाहीत.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी पुणेरी पलटण पुन्हा अंतिम सामन्यात उतरली. इनामदार परतला होता आणि साखळी सामन्यांत पलटण अग्रभागी राहिली होती. दिल्लीत, दिल्लीच्याच संघापुढे, ती ३१ विरुद्ध २८ अशी तीन गुणांनी हरली. त्यानंतर थोड्याच दिवसांत भीमा-घोडेच्या खोऱ्यात उसाची तोडणी सुरू झाली, आणि संध्याकाळी गावच्या मैदानावर पाणी मारून मुलांनी पुन्हा चुन्याच्या रेषा आखल्या.