सांध्याला वीज क्षणभरच द्या

छोट्या रेल्वेचा छंद लागला की माणूस इंजिने आणि डबे जमवत सुटतो. सांध्यांकडे लक्ष जाते ते गाडी अडकू लागल्यावर. सांध्याच्या वायरिंगबाबत मात्र सुरुवातीपासूनच दक्ष राहावे, कारण तिथे गाडी घसरण्यापेक्षा मोठा धोका असतो, तो म्हणजे आगीचा.

शिर्डीतल्या आमच्या घरी माळ्यावर साईनगर शिर्डी स्थानकाची प्रतिकृती मांडली आहे. पुणतांब्याहून शिर्डीला येणारा फाटा सुमारे 17 किलोमीटरचा. 1:87 प्रमाणात तो पुरता करायचा तर 195 मीटर रूळ लागतील! म्हणून नुसते यार्ड आणि चार सांधे एवढ्यावर भागवले.

वायरिंग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले. माणूस कामाला पक्का, पण हात बसलेला दिव्या-पंख्यांवर. त्याने सांध्यांनाही एकदा दाबले की चालूच राहणारी साधी बटणे लावली. एका संध्याकाळी नातवाने बटण दाबायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली. बटण तसेच चालू राहिले. लाइट आली तेव्हा माळ्यावर कोणी नव्हते. जळक्या वार्निशचा वास जिन्यात आला म्हणून वर धावलो, तर कॉइल काळीठिक्कर पडलेली आणि तिचे प्लास्टिक वितळून प्लायवूडला चिकटलेले. थोडक्यात निभावले.

असे का होते? सांधा हलवणाऱ्या या नेहमीच्या यंत्राला आपण मोटर म्हणतो, पण आत असतात दोन कॉइल आणि मध्ये सरकणारा लोखंडी दांडा. ज्या कॉइलला वीज मिळेल तिकडे दांडा खेचला जातो. कॉइलचा रोध साधारण 4-5 ओहम, त्यामुळे 16 व्होल्टवर 3-4 अँपिअर प्रवाह जातो. म्हणजे 50-60 वॉट उष्णता, तीही काडेपेटीएवढ्या जागेत. दांडा सरकायला सेकंदही लागत नाही. त्यानंतर दिलेली वीज नुसती कॉइल भाजते.

म्हणून पहिला नियम: बटण सोडताच बंद होणारे घ्या. डोअरबेलचे बटणही चालते. हळू फिरणाऱ्या मोटरचे सांधे वेगळे. त्यातल्या काहींना सतत वीज चालते, तेव्हा आपला प्रकार कोणता ते आधी पाहा.

दुसरे, मध्ये कपॅसिटरचे सर्किट बसवा. छंदवाले त्याला सीडीयू म्हणतात. कपॅसिटर साठवलेली वीज एका झटक्यात सोडतो आणि बटण अडकले तरी पुढे अगदी थोडा प्रवाह जातो. 16 व्होल्ट एसी डीसी केल्यावर कपॅसिटरवर 22 व्होल्टपर्यंत दाब येतो, म्हणून तो 35 व्होल्टचा घ्यावा. हात लावण्यापूर्वी तो रिकामा करायला विसरू नका.

तिसरे, सांध्यांचा वीजपुरवठा गाडीच्या कंट्रोलरपासून वेगळा ठेवा. टेलिफोनच्या बारीक तारेने काम भागवू नका. तिच्यात व्होल्टेज पडते आणि सांधा अर्धवट सरकतो. सगळ्या सांध्यांच्या सामायिक तारेसाठी, म्हणजे कॉमनसाठी तरी 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी.

चौथे, दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो फ्रॉग धातूचा आणि वीजवाहक असेल, तर त्याच्यापुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जोड लावा. सांधा बदलला की फ्रॉगची पोलॅरिटीही बदलली पाहिजे. त्यासाठी दांड्याबरोबर हलणारा वेगळा स्विच लागतो. हे चुकले की गाडी सांध्यावर येताच शॉर्ट होतो आणि बिचाऱ्या इंजिनाला दोष मिळतो.

पाचवे, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी लावा आणि आकृती वहीत काढून ठेवा. ही शिस्त खेळापुरती नाही. ओडिशात बहानगा बाजार स्थानकाजवळ 2 जून 2023 रोजी कोरोमंडल एक्सप्रेस लूप लाइनवर गेली आणि 290हून अधिक माणसे दगावली. चौकशीत सिग्नलच्या सर्किटमधील चुकीचे बदल पुढे आले, तसेच तारांवरच्या चुकीच्या खुणाही.

कामाला हात घालण्यापूर्वी पुण्याला कोथरूडमधले भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून या. 1998 पासून ते लोकांसाठी खुले आहे. गाड्या तर बघाच, पण सांधे कसे पडतात तेही नीट बघा.

आणि एक शेवटचे. पॅनेलला स्वतंत्र मेन स्विच बसवा. खोलीतून उठताना तो बंद करा, आणि लाइट गेली तर सर्वांत आधी त्याच्याकडेच हात जाऊ द्या. मुलांना सांधे बदलायला शिकवण्याआधी हे शिकवा.