शिकवणी लावताय? आधी तासाचा भाव काढा

मुलाला शिकवणी लावायची ठरली की आपण लगेच ‘चांगले सर’ शोधायला लागतो. त्याआधी एका रविवारी मुलाच्या वह्या आणि तपासलेले पेपर घेऊन त्याच्याशेजारी बसा. ‘गणितात कच्चा आहे’ एवढ्यावर शिक्षक शोधता येत नाही. आठवीतल्या मुलीला बीजगणित जमत नाही, याचं कारण पुष्कळदा पाचवीतल्या अपूर्णांकांत सापडतं. सेमी इंग्रजीच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट करून बघा. जे शाब्दिक उदाहरण सुटत नाही, ते मराठीत वाचून दाखवा. पटकन सुटलं, तर अडचण गणिताची नाही, इंग्रजी वाचनाची आहे. मग गणिताच्या सरांवर महिन्याला पाच हजार खर्च करून काय साधणार?

मागच्या इयत्तांची पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपवर स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्यही उघडतं. पंधरा दिवस घरीच मागची उजळणी घेतली, तर किती मदत लागणार आहे याचा अंदाज येतो.

मूल बोलण्यात हुशार आहे, पण वाचताना सतत अडखळतं, अक्षरं उलटसुलट लिहितं, पाहून लिहितानाही चुकतं, असं वर्षभर दिसत असेल तर शिकवणी लावू नका. आधी डोळे तपासा, मग अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि अधिकृत सरकारी रुग्णालयाचा दाखला असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. अशा मुलांना विशेष शिक्षक लागतो. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी आहे का, हे विचारा. त्याची फी साध्या शिकवणीपेक्षा जास्त असते, तरी इथे हात आखडता घेऊ नका. या मुलांना दोन-दोन वर्षं चुकीच्या क्लासला बसवलं जातं. त्यात पैसे जातातच, पण मुलाचा स्वतःवरचा विश्वासही जातो.

आता भावाकडे वळू. पुण्यात पहिली ते पाचवीसाठी घरी येऊन शिकवणारे शिक्षक साधारण 200 ते 400 रुपये तास मागतात. आठवी ते दहावीच्या गणित-विज्ञानाला 400 ते 800 रुपये पडतात. आयसीएसई आणि आंतरराष्ट्रीय बोर्डांसाठी, विशेषतः बाणेर, कल्याणीनगर, खराडी या भागांत, हजारच्या पुढचे आकडे ऐकू येतात. शिक्षक किती लांबून येणार, यावरही भाव ठरतो. संध्याकाळी सहाला हडपसरहून कोथरूडला यायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक तासाच्या शिकवणीला तीन तास गेले. म्हणून आधी आपल्याच सोसायटीत आणि शेजारच्या गल्लीत विचारा. निवृत्त शिक्षिका, बी.एड. करून घरी असलेल्या ताई अशा ओळखीतूनच सापडतात, आणि मूल चालत जाऊ शकतं.

फी महिन्याची सांगितली तरी तुम्ही ती तासावर आणा. आठवड्याला तीन दिवस, एकेक तास म्हणजे महिन्याला सुमारे 13 तास होतात. 400 रुपयांच्या भावाने 5,200 रुपये झाले. कोपऱ्यावरच्या क्लासची फी समजा महिन्याला 2,000 आणि तास रोज दीड, आठवड्यातून पाच दिवस. हा हिशेब तासाला 60-65 रुपये पडतो आणि फारच स्वस्त वाटतो. पण बॅचमध्ये 20 मुलं असतील, तर 90 मिनिटांत आपल्या मुलाच्या वाट्याला साडेचार मिनिटं येतात. ज्या मुलाला फक्त नियमित सराव आणि थोडा धाक हवा आहे, त्याला एवढं पुरतं. ज्याचा पायाच कच्चा आहे, तो तिथे मागच्या बाकावर वही उतरवत बसेल. माझ्या मते बहुतेक घरांना चार-पाच मुलांची छोटी बॅच सर्वांत परवडते. तसे शिक्षक मिळाले नाहीत, तर एकाच वर्गातल्या तीन मुलांच्या पालकांनी मिळून एक शिक्षक लावावेत आणि फी वाटून घ्यावी. मात्र तिन्ही मुलं साधारण सारख्याच ठिकाणी अडलेली हवीत.

मोठ्या क्लासचा जाहीर आकडा शेवटचा नसतो. कोचिंगवर 18 टक्के जीएसटी आहे. दहावीची फी 45,000 सांगितली आणि कर वेगळा असेल, तर 8,100 वाढून ती 53,100 होते. त्यावर नोट्स, टेस्ट सिरीज आणि व्हॅनचे पैसे. ‘सगळं धरून किती?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. घरगुती शिकवणी घेणाऱ्यांची वार्षिक उलाढाल सहसा 20 लाखांच्या आत असते, त्यामुळे त्यांना जीएसटी नोंदणी लागत नाही. अशा शिक्षकाने कर लावला, तर जीएसटी क्रमांक मागा. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. प्राप्तिकरात शाळेच्या ट्युशन फीची वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. खासगी शिकवणीची मिळत नाही.

सदाशिव आणि नारायण पेठेत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे अनेक तरुण शिकवण्या घेतात. विषय पक्का, फी रास्त, शिकवण्याची तळमळही असते. पण त्यांची स्वतःची परीक्षा आली की खाडे होतात. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा कधी आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. एजन्सीमार्फत शिक्षक घेतला, तर एजन्सी बहुधा शिक्षकाच्या पहिल्या महिन्याच्या फीमधून मोठा हिस्सा कापते. साहजिकच काही शिक्षक दोन-तीन महिन्यांत दुसरी शिकवणी धरतात. शक्य असेल तिथे ओळखीतूनच शोधा. मुलाच्या शाळेतलेच शिक्षक ‘माझ्याकडे पाठवा’ म्हणाले, तर नम्रपणे नकार द्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई करतं.

एक-दोन तास बघून होकार देऊ नका, कारण डेमोच्या दिवशी सगळेच छान शिकवतात. एक महिना ठरवून बघा. मूल चुकल्यावर शिक्षक उत्तर सांगून मोकळे होतात, की ‘तू इथे कसा पोचलास?’ असं विचारतात, याकडे लक्ष द्या. महिन्यानंतर शाळेच्या घटक चाचणीतले गुण लगेच वाढणार नाहीत. मूल आपणहून वही उघडतंय का, ही खूण खरी. घरच्या शिकवणीत खोलीचं दार उघडं ठेवा, घरात मोठं माणूस असू द्या, आधीच्या दोन पालकांशी फोनवर बोला आणि आधारची प्रत मागायला संकोच करू नका. चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही.

पैसे महिन्याच्या महिन्यालाच द्या. वर्षाची फी एकरकमी भरली तर 10-15 टक्के सूट, हे आमिष गोड असतं. पण मूल दोन महिन्यांत कंटाळलं किंवा तुमची बदली झाली, तर परतावा मागत फिरावं लागतं. ऑनलाइन कोर्स कर्जावर तर घेऊच नका. शिकवणं बंद पडलं तरी हप्ते थांबत नाहीत. ‘बायजूज’सारख्या देशभर गाजलेल्या कंपनीविरुद्धही जुलै 2024 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. जानेवारी 2024 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, क्लास मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी. पण या सूचना राज्यांना दिलेल्या आहेत. त्यांच्या भरवशावर न राहता परताव्याची अट, बुडालेल्या तासांची भरपाई, दिवाळी आणि मे महिन्याची फी हे सगळं पावतीवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

वाद झालाच तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. मात्र दोन्हीकडे पहिला प्रश्न पुराव्याचा येतो. म्हणून फी यूपीआयने द्या, आणि पावती द्यायला जो क्लास टाळाटाळ करतो, तिथे प्रवेश घेऊ नका.