आक्रमक कोपरारक्षक घ्यावा का?

प्रश्न : आमच्या कबड्डी मंडळात एक आक्रमक डावा कोपरारक्षक यायला तयार आहे. पकडी जबरदस्त, पण घाईत गुणही देतो. त्याच्या बदल्यात चांगला चढाईपटू सोडावा लागेल. काय करावे?
– एक वाचक, पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : दुसरा भरवशाचा चढाईपटू हाताशी असेल तरच घ्या. प्रो कबड्डी लीगमधील पुणेरी पलटण संघाने २०२३च्या लिलावात इराणच्या कोपरारक्षक शादलूसाठी २.३५ कोटी रुपये मोजले, तोही अंगावर धावून जाणाराच. पण त्यांच्याकडे चढाईला अस्लम इनामदार, मोहित गोयत होते. त्या हंगामात संघ प्रथमच विजेता ठरला. फसलेल्या पकडीत गुण जातो आणि गडीही बाहेर बसतो. म्हणून आधी सराव सामन्यांत त्याच्या फसलेल्या पकडी मोजा. शेजारी शांत डोक्याचा मध्यरक्षक नसेल, तर चढाईपटू अजिबात सोडू नका.