आज्ञा आणि शील



घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतल्या चाळी-वस्त्यांत बौद्ध आणि ख्रिस्ती कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. त्यांतली काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे नगर जिल्ह्यातून आलेली आहेत. अस्पृश्यतेचा तोच जाच सोसून त्यांच्या पूर्वजांनी आपल्या आधी वेगळी वाट धरली. नळावर, जिन्यात बोलणे निघते आणि शेजारी विचारतात, "देवाची आज्ञा मोडली तर आम्हांला पाप लागते. खरा पश्चात्ताप केला तर येशूच्या ठायी क्षमा मिळते. तुमच्यात देवच नाही. मग तुम्हांला वाइटापासून आवरतो कोण? चुकलात तर क्षमा करतो कोण?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वादात जिंकण्यासाठी नव्हे, स्वतःसाठी जाणून घ्यावे.

प्रथम त्यांची बाजू समजून घेऊ. आज्ञापालन म्हणजे आंधळेपणा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. परंतु चर्चमधील वडीलधारे सांगतात एवढ्याच कारणाने एखादी गोष्ट मानायला त्यांनी नकार दिला. आपली सद्सद्विवेकबुद्धी त्यांनी कोणाच्या हाती दिली नाही. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना आसरा दिला. तेथे 1905 मध्ये प्रार्थनेच्या वेळी मुली रडत आपली पापे कबूल करीत. ईश्वरापुढे नमून माणूस बदलतो, ही त्यांची श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेने मोठे काम उभे राहिले. त्याचा आपण आदर करावा.

मग आपला मार्ग वेगळा कोठे होतो? व्याकरणात पाहा. बायबलमधील दहा आज्ञा आज्ञार्थी आहेत. सांगणारा ईश्वर, ऐकणारा माणूस. आपण पंचशील म्हणतो तेव्हा प्रत्येक शीलाच्या शेवटी 'समादियामि' हा शब्द येतो. त्याचा अर्थ 'मी ग्रहण करतो'. हे क्रियापद प्रथमपुरुषी आहे. येथे कोणी हुकूम देत नाही. मीच मला बांधून घेतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मोक्षदाता आणि मार्गदाता असा भेद केला, तो याच अर्थाने. बुद्ध मार्गदाता आहेत. चालायचे आपल्याला.

मग चुकलेल्याने काय करावे? भगवंतांनी लहानग्या राहुलला आरशाचा दृष्टान्त दिला. आरशात तोंड पाहतो तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. त्याने स्वतःचे वा दुसऱ्याचे अहित झाले असेल तर ते गुरूपुढे किंवा सुज्ञ सोबत्यापुढे उघड करावे आणि पुढे संयम पाळावा. म्हणजे कबुली आपल्याकडेही आहे. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत शतकानुशतके भिक्षू राहिले. विनयाप्रमाणे भिक्षू दर पंधरवड्याला उपोसथासाठी जमतात. ज्याच्या हातून दोष घडला असेल त्याने तो सांगायचा, असा तेथे नियम आहे.

परंतु कबुलीने परिणाम पुसला जात नाही. अंगुलिमाल खुनी दरोडेखोर होता. तो भिक्षू झाला. तरी श्रावस्तीत भिक्षेला गेला असता त्याला दगड बसले, डोके फुटले, पात्र मोडले. रक्ताळलेल्या अंगुलिमालाला भगवंतांनी सांगितले की, हे तुझ्या कर्माचे फळ आहे, ते सोस. आणि तोच अंगुलिमाल अर्हत झाला. फळ चुकले नाही, पण माणूस बदलला.

आता आपल्या घराकडे वळू. दीक्षेनंतर देव्हारा उतरतो, नवस थांबतात, अंगारा जातो. त्याबरोबर देवाच्या कोपाची भीतीही जाते. ती जावी, हेच योग्य. परंतु तिच्या जागी शील आले नाही तर काय होईल? पगाराच्या दिवशी पावले गुत्त्याकडे वळतील, पोराच्या फीचे पैसे मटक्यावर जातील, घरात बाईवर हात उगारला जाईल. मग भिंतीवरच्या बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी काय करतील? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवता सोडण्याबरोबरच चोरी, व्यभिचार, खोटे आणि दारू सोडण्याचीही प्रतिज्ञा आहे. अर्धी दीक्षा घेता येत नाही.

देव नाही म्हणजे मोकळीक आहे, असा अर्थ कोणी काढू नये. क्षमा करणारा कोणी वर बसलेला नाही, म्हणूनच जबाबदारी अधिक आहे. ज्याला मारले, फसवले, त्याच्याकडेच जावे लागते. घेतलेले परत द्यावे लागते. बायकोला दुखावले असेल तर बायकोपुढेच मान खाली घालावी लागते. शेजाऱ्याने पुन्हा विचारले तर शांतपणे सांगा, "आम्हांला आमचे शील आवरते." मात्र हे वाक्य आपल्या घरातल्या माणसांनाही खरे वाटले पाहिजे.

स्वाध्याय : येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर घरातील सर्वांनी एकत्र बसावे.
1. पंचशीलांचा अर्थ मुलांना मराठीत सांगावा.
2. या महिन्यात कोणते शील ढळले, ते प्रत्येकाने स्वतः सांगावे; दुसऱ्याचे सांगू नये. सुरुवात घरातल्या मोठ्यांनी करावी.
3. ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई कशी करायची, ते तेथेच ठरवावे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.